सिंदी रेल्वेहून समुद्राची दुरुस्ती

श्रावणभाऊजींच्या घरी गेलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. बैठकीतल्या दिवाणावर खुशाल बसा, पण मागच्या भिंतीला डोकं टेकवू नका. टेकवलंत की आतून आवाज येतो, "समुद्राले तेल लावू नका!"

आता वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावात समुद्र कुठून आला, हे विचारण्याआधी मागे वळून पाहा. लोक जिथे मुलांचे बक्षीस घेतानाचे फोटो लावतात, तिथे भाऊजींनी अरबी समुद्राचा एक तुकडा लावला आहे. कोपऱ्यात चिमूटभर पिवळी जमीन, बाकी सगळं पाणी, आणि पाण्यावर मुंग्या सोडल्यासारखे बारीक आकडे. प्रत्येक आकडा म्हणजे तिथली खोली. त्या पाण्यात, बंदराच्या तोंडापासून थोड्या अंतरावर, पेन्सिलीनं काढलेलं एक वर्तुळ आहे आणि आत लिहिलं आहे : 'साळा. खोबरेल.' खाली तारीख. तो साळा मी. एका दुपारी तीन पुरणपोळ्या खाऊन मी त्या दिवाणावर झोपलो आणि माझ्या डोक्याचं तेल समुद्रात मिसळलं. भाऊजी चिडले, पण डाग पुसला नाही. म्हणाले, "जे हाये थे हाये. आता त्याची नोंद झाली."

भाऊजी म्हणजे माझ्या विमलताईचे यजमान. सगळी नोकरी भूमापन खात्यात झाली. साखळी, झेंड्या, फळीवरचा कागद घेऊन त्यांनी निम्म्या जिल्ह्यातली वावरं मोजली. दोन भाऊ धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कुऱ्हाडी घेऊन उभे असताना मधोमध उभं राहून "तुमचा धुरा इकडं नाई, थिकडं हाये" असं शांतपणे सांगणारा हा माणूस. त्यांची दोन वाक्यं प्रसिद्ध होती. पहिलं : "पाह्यलं काय? मंग लिव." दुसरं : "अंदाज घरी ठेव." हाताखालच्या माणसानं "साहेब, दगड तिथंच असन" म्हटलं, तर भाऊजी भर उन्हात कपाशीच्या पऱ्हाटीतून चालत जायचे, दगडाला हात लावायचे आणि मगच कागदावर खूण करायचे. माझ्या लग्नात मुलीकडच्यांनी "मांडव दोनशे माणसांचा आहे" असं सांगितलं तेव्हा यांनी टेप काढली होती. मांडव खरोखरच लहान निघाला. पंगतीत मी, म्हणजे नवरदेव, तिसऱ्या फेरीत जेवलो.

अशा कोरडवाहू माणसाला समुद्र लागला तो सुजातामुळे. सुजाता ही त्यांची एकुलती एक मुलगी. बारावीनंतर ती म्हणाली की मी जहाजावर जाणार. घरात जणू कोणी साप सोडला. आमच्या सगळ्या नातेवाइकांनी, आणि कबूल करतो की त्यात मीही होतो, भाऊजींना बसवून समजावलं. पोरीची जात, पाण्यावरची नोकरी, महिनोन्महिने पत्ता नाही, उद्या काही झालं म्हणजे?

भाऊजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तीस वर्सं जमीन मोजून राह्यलो. जमिनीवर किती लोक बुडाले थे मले इचारा. माही पोरगी पाण्यावर जाईन."

विषय संपला. पोरगी पाण्यावर गेली. आता ती किनाऱ्याकिनाऱ्यानं माल नेणाऱ्या एका जुन्या जहाजावर सेकंड ऑफिसर आहे.

एकदा सुटीवर आली असताना तिनं चहा पिता पिता आपलं काम सांगितलं. जहाज जुनं, म्हणून संगणकावरच्या नकाशांबरोबर कागदी नकाशेही आहेत, आणि ते ताजे ठेवणं हे सेकंड ऑफिसरचं काम. दर आठवड्याला नकाशे छापणाऱ्या कचेरीकडून एक यादी येते. या ठिकाणची बोया, म्हणजे तरंगती खूण, हलली, त्या ठिकाणी जहाज बुडालं, अमक्या दीपगृहाची झळक बदलली. ते सगळं जांभळ्या शाईनं नकाशावर काढायचं आणि खाली डाव्या कोपऱ्यात दुरुस्तीचा नंबर लिहायचा.

"पण हे त्या कचेरीले सांगते कोन?" भाऊजींनी विचारलं.

"जो पाहीन तो, बाबा. जहाजवाले, बंदरवाले, कोळी. किनाऱ्यावर उभा असलेला माणूसही कळवू शकतो. फॉर्म असतो."

"कोनीबी?"

"कोणीही."

"वर्धा जिल्ह्यातला चालते?"

सुजाता हसली. भाऊजी हसले नाहीत. ज्या माणसानं आयुष्यभर 'अर्जदाराचा सदर जमिनीशी संबंध काय' हा रकाना भरून घेतला, त्याला असा एक फॉर्म सापडला होता ज्यात तो रकानाच नव्हता.

त्यानंतर घरात तो नकाशा आला. जांभळी शाई आली, चोचीसारखं टोक असलेला टाक आला, हातात धरून दिशा पाहायचं होकायंत्र आलं. दर रविवारी दुपारी भाऊजी आठवड्याची यादी स्टेशन रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणतात, नकाशा भिंतीवरून उतरवून टेबलावर पसरतात आणि त्यातल्या आपल्या नकाशापुरत्या दुरुस्त्या करतात. त्या वेळी घरात कोणी मोठ्यानं पाऊलही टाकायचं नाही. ताई म्हणते, "लगनात जेवढी काळजी नाई घेतली माही, तेवढी त्या कागदाची घेते हा माणूस."

खोली मोजायचा सराव मात्र पवनारला झाला. रविवार सोडून, कारण रविवार नकाशाचा. दोरीला हातहात अंतरावर रंगीत चिंध्या बांधल्या, टोकाला वजनाच्या काट्यावरचं लोखंडी माप लटकवलं, आणि धाम नदीच्या पुलावरून आम्ही दोघांनी पाण्याची खोली घ्यायला सुरुवात केली. दोरी धरायचं काम माझ्याकडे. मी वर्ध्याच्या एका शाळेत कारकून आहे, माझ्या हातानं पेनापेक्षा जड काही कधी उचललेलं नाही. तिसऱ्याच मोजणीला दोरी हातातून सुटली आणि दोन किलोचं माप कायमचं धामला अर्पण झालं. भाऊजी म्हणाले, "पाह्यलं काय कुठं पडलं?"

"नाही."

"मंग लिवू नको."

एक गृहस्थ सायकल थांबवून पाहत होते. त्यांनी विचारलं, "काका, मासोई भेटली का?"

"नाई," भाऊजी म्हणाले. "खोली भेटली."

गावात चेष्टा व्हायचीच. भाऊजींच्या शेजारी कापसाचे व्यापारी राहतात, त्यांना सगळे शेठजी म्हणतात. ते ओट्यावर उभे राहून रोज सकाळी विचारायचे, "काय साहेब, आज भरती का ओहोटी?" एक दिवस तर सरळ म्हणाले, "आपल्याइथून समुद्र दिसत नाई, ऐकू येत नाई. तुमाले काय करायचं त्याचं?"

भाऊजींनी शांतपणे विचारलं, "शेठजी, पंचांग पाह्यता ना तुमी?"

"रोज."

"त्यातल्या शनीवर गेलते का कवा?"

शेठजींनी आठ दिवस भरतीची चौकशी केली नाही.

आता मुख्य गोष्ट. सुजाताचं जहाज कोकणातल्या एका बंदरात येणार होतं. बंदराचं नाव मी सांगणार नाही. भाऊजींचं म्हणणं, ज्याला हवं त्यानं नकाशात पाहावं. पोरीला भेटायला ताई आणि भाऊजी दोन गाड्या बदलून तिथे गेले. ताईनं डबाभर सांभारवड्या नेल्या होत्या. पण जहाज बंदरात आलंच नाही. बाहेरच नांगर टाकून उभं राहिलं, माल लहान पडावांत उतरवला आणि दुपारी निघालं. सुजाताला उतरायला मिळालं नाही. दोघांनी धक्क्याच्या रस्त्यावरून बोटाएवढं जहाज पाहिलं. फोनवर ती म्हणाली, "बाबा, आम्ही त्या बंदरात शिरताना जुन्या गिरणीची चिमणी पाहून दिशा धरतो. नकाशात आहे बघा."

भाऊजींनी चिमणी पाहायला मान वळवली. चिमणी नव्हती.

ते घरी आले ते ताप आल्यासारखे. आपली पोरगी ज्या खुणेवर जहाज आत आणते ती खूणच जागेवर नाही! त्याच दिवशी त्यांनी फॉर्म भरला. नकाशाचा नंबर, आवृत्ती, तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश. आणि पुढे : 'सदर चिमणी पाडण्यात आलेली आहे.' कचेरीचं उत्तर आलं की आपली माहिती मिळाली, तपासून घेऊ, आभारी आहोत. ते उत्तर छापून भाऊजींनी शेठजींना वाचून दाखवलं. मला फोन करून वाचून दाखवलं. शाळेच्या घंटेच्या आवाजात मी म्हणालो, "छान, छान." घंटेपायी मला त्यातलं एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी मी सिंदीला गेलो. जेवताना भाऊजी तोच किस्सा पुन्हा सांगत होते. ताई भाकर थापता थापता म्हणाली, "एक इचारू का? तुमी तं रस्त्यावरून पाह्यलं."

"मंग?"

"जहाज काय रस्त्यावरून येते?"

भाऊजींनी घास ताटात ठेवला.

"समोर थे नवं हॉटेल होतं ना पाच मजल्याचं," ताई म्हणाली. "त्याच्या मागं असन तुमची चिमणी. पाण्यातून दिसत असन. तुमी गेलते का तिथवर? हात लावला का?"

मी भाऊजींकडे पाहिलं. दगडाला हात लावल्याशिवाय दगड आहे असं न म्हणणारा माणूस त्या दिवशी चिमणीपर्यंत गेला नव्हता. आयुष्यभर जमिनीवर उभं राहून जमीन मोजली, म्हणून समुद्राची खूणही जमिनीवरूनच पाहिली. आणि वर 'पाडण्यात आलेली आहे' हा अंदाज! घरी ठेवायचा तो अंदाज त्यांनी सरकारदरबारी पाठवला होता.

"गेले काऊन नाई तुम्ही?" मी विचारलं.

उत्तर ताईनं दिलं. "कवा जाईन? थे जहाज दिसेनासं होयपर्यंत तिथीच उभे. मंग बसची येळ झाली."

भाऊजी उठले, हात धुतले. ताट तसंच राहिलं.

मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "भाऊजी, यादीत अजून आलं नाही. ते तपासतीलच की. गप्प बसा. कोणाला कळणार आहे?"

"जहाजवाल्याले कळन," ते म्हणाले. "अन् यादीत आलं तं? माही पोरगी आपल्या हातानं चिमणी खोडन. खरी असून खोडन. माह्या म्हनन्यावरून."

त्याच संध्याकाळी त्यांनी कचेरीला कळवलं की आधीची माहिती मी मागे घेतो आहे, समुद्रातून पाहून नव्यानं पाठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर जाऊन स्वतःच शेठजींना सांगितलं, "शेठजी, माही चूक झाली. चिमणीले म्या उभी असून पाडली." शेठजी इतके आनंदले की त्यांनी चहा पाजला. भाऊजींनी तो ताठ बसून प्यायला.

"पन साहेब, आता तरी सोडा हा नाद."

"आता कसा सोडू? आता तं समुद्राचं माह्याकडं बाकी निघते."

चार दिवसांनी आम्ही दोघं कोकणात. मला का नेलं? भाऊजी म्हणाले, साक्षीदार पाहिजे. खरं कारण ताईनं सांगितलं : यांना पोहता येत नाही, आणि मी जाड असल्यामुळे तरंगेन असा तिचा समज आहे.

एका मासेमाराची लहान होडी ठरवली. त्यानं विचारलं, "काका, कुठचे तुम्ही?"

"वर्धा."

"तिकडे बंदर आहे?"

"नाई. म्हनून तं इथं आलो."

धक्का सुटला आणि माझं पोट वर आलं. पुढच्या सगळ्या प्रवासात मी होडीच्या कडेला तोंड करून होतो, त्यामुळे साक्षीदार म्हणून मी फक्त पाण्याबद्दल बोलू शकतो. पाणी होतं. भाऊजी मात्र सत्तरीला आलेले, धोतराचा सोगा कमरेला खोचून, एका हातानं डोलकाठी आणि दुसऱ्या हातानं होकायंत्र धरून उभे. होडीवाला ओरडला, "काका, खाली बसा, पडाल!"

"बसून हालते जास्त!"

बाहेर आल्यावर ते एकदम म्हणाले, "साळेबुवा, पाह्य."

मी मान उचलली. हॉटेल बाजूला सरकलं होतं, आणि त्याच्यामागून चिमणी हळूहळू बाहेर येत होती. काळपट, विटांची. पण बुटकी. माथा गेलेला. तिच्याशेजारी एक पांढरीशुभ्र पाण्याची टाकी, तिच्यापेक्षा चांगली उंच, उन्हात चमकत होती.

"दोन पावसाळ्यांपूर्वी माथा उतरवला तिचा," होडीवाला म्हणाला. "आम्ही आता टाकी बघूनच आत येतो. चिमणी लांबून गावतच नाय."

"मंग कळवलं काऊन नाई?"

"कोणाला?"

भाऊजींनी खिशातून कोरा फॉर्म काढला आणि त्याला दिला. "हे ठेव. कोनीबी भरू शकते."

तीन ठिकाणांहून चिमणीची आणि टाकीची दिशा घेतली, होडीची जागा प्रत्येक वेळी होडीवाल्याच्या जीपीएसवर पाहून लिहिली, फोटो काढले. एका फोटोत खालच्या कोपऱ्यात माझं ढुंगण आलं आहे. किनाऱ्यावर आल्यावर चालत जाऊन दोन्हींना हात लावला. टाकीच्या पहारेकऱ्याला वाटलं आम्ही पाण्याची तक्रार करायला आलो.

अहवाल लॉजवर लिहिला. पहिलं वाक्य : 'माझा आधीचा अहवाल चुकीचा होता.' मी म्हणालो, इतकं उघडं कशाला, 'पूर्वीच्या माहितीत किंचित बदल' असं लिहू. शाळेत आम्ही असंच लिहितो. भाऊजी म्हणाले, "तुह्या शाळेवर जहाज आदळत नाई." पुढे पाहिलेलं एका बाजूला, आणि होडीवाल्यानं सांगितलेलं वेगळं, 'स्थानिक मासेमाराच्या सांगण्यानुसार' म्हणून. टाकी चांगली ठळक दिसते असं लिहिलं; मात्र चिमणीच्या उंचीपुढे 'मोजली नाही' असं लिहिलं.

मग वाट पाहणं. रविवारमागून रविवार गेले. यादी यायची, भाऊजी बोट फिरवायचे, चिमणी नसायची. शेठजी विचारायचे, "पत्ता लागला का चिमणीचा?" भाऊजी म्हणायचे, "चिमणी जागेवर हाये. कागद येऊन राह्यला." ताई म्हणाली, निदान सुजाताला तरी सांगा की तुम्ही काय काय केलं. तिला काहीच माहीत नव्हतं. भाऊजींनी आम्हा दोघांना ताकीद दिली, "तिले सांगू नका. बापाचं म्हनून एखादी रेघ जास्त जपून काढन. तिले सबन दुरुस्त्या सारख्या पाह्यजे."

आणि फोनवर तरी काय बोलायचे हे बापलेक? "जेवली का?" "हो." "वारा किती हाये?" "कमी आहे बाबा." "बरं, मायले देतो."

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी तिथेच होतो. झेरॉक्सवाल्याकडून कागद आले. भाऊजींचं बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. नकाशाचा नंबर, जागा, चिमणीपुढचा 'ठळक', म्हणजे लांबून दिसणारी, हा शेरा काढावा, टाकी घालावी. दोन ओळी. कोणी पाहिलं, कोण होडीत उभं राहिलं, कोणी ओकाऱ्या काढल्या, काही नाही. मी म्हणालो, "भाऊजी, तुमचं नाव नाही."

"धुऱ्याच्या दगडावर मोजनीवाल्याचं नाव रायते का?"

नकाशा उतरवला, टेबलावर पसरला. शाईची बाटली उघडली. पण टाक बुडवला नाही. घड्याळाकडे पाहत बसून राहिले. मला वाटलं, चूक आठवून हात धजत नाही. इतक्यात फोन वाजला. सुजाताचं जहाज किनाऱ्याजवळ असावं, आवाज स्वच्छ होता.

"बाबा, जेवलात?"

"हो. तू काय करून राह्यली?"

"आज रविवार ना, नकाशे घेऊन बसले. बऱ्याच दुरुस्त्या आहेत. ती चिमणी आठवते तुम्हाला, मी सांगितलेली? आता टाकी दाखवायची आहे तिथे. बरं झालं कोणी कळवलं, आम्हाला लांबून ती शोधत बसावं लागायचं."

भाऊजींनी समोरच्या नकाशावर बंदराजवळ बोट ठेवलं. ताई दारात उभी राहिली होती, हाताला पीठ.

"काढली का तुनं?"

"काढतेच आहे."

"बारीक काढजो. घाई करू नको."

"हो बाबा."

"मंग काढ. ठेवतो."

फोन ठेवला आणि त्याच क्षणी टाक शाईत बुडवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की हा रविवार काही भाऊजींनी ठरवलेला नव्हता. ती तिकडे ज्या दिवशी टाक उचलते, त्याच दिवशी हे इकडे उचलतात. इतकी वर्षं घरात पाऊल न वाजवता जे चालायचं, ते हे होतं.

माझ्या तेलाच्या डागाला वळसा घालून त्यांचा हात बंदराशी गेला. चिमणीपुढचा शेरा खोडला, टाकीचं एक लहानसं वर्तुळ काढलं, मध्ये ठिपका. खाली डाव्या कोपऱ्यात नंबर लिहिला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"झालं ना?" ताई म्हणाली. "उचला तो कागद. भाकरी थंड होऊन राह्यल्या."

"थांब जरा," भाऊजी म्हणाले. "शाई वाळू दे. तिची बी वाळून राह्यली असन."